मासोळीची माया आणि माणसाचा निवाडा

घरातल्या फिशटँकमध्ये बोटभर मासोळीने अंडी घातली की पाळणाऱ्यांच्या बोलण्यात दोन निवाडे हटकून येतात. अंडी राखली तर ती चांगली आई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी नाहीशी झाली असतील तर ती वाईट आई. ड्वार्फ सिक्लिड या नावाने विकल्या जाणाऱ्या छोट्या माशांच्या बाबतीत हे निवाडे विशेष जोरात दिले जातात, कारण पिल्लांभोवतीचे त्यांचे वागणे इतके ओळखीचे वाटते की त्याला नैतिक नावे दिल्याशिवाय राहवत नाही. या नावांना काही आधार आहे का, एवढाच प्रश्न इथे घ्यायचा आहे. मासोळीची माया हा तिचा सद्गुण आहे का, आणि अंडी खाणे हा तिचा दोष आहे का? प्रश्न छंदापुरता वाटेल, पण त्याची मुळे खोल गेलेली आहेत. आपल्या परंपरेने वात्सल्याला एकीकडे देवत्वापर्यंत नेले आणि दुसरीकडे मोह म्हणून त्याच्यापासून सावध केले. विठ्ठलाला माउली म्हणणारी आणि संसाराला मायाजाळ म्हणणारी माणसे एकच आहेत. मासोळीच्या मायेचे मोल ठरवायला गेलो की आपण याच जुन्या गाठीला हात घालतो.

आधी ते वागणे जवळून पाहू. अपिस्टोग्रामा ही दक्षिण अमेरिकेतल्या, मुख्यतः ॲमेझॉन खोऱ्यातल्या, छोट्या सिक्लिडांची प्रजाती. तिच्यातली कॅकाटुऑइडिस ही जात आपल्याकडच्या पाळणाऱ्यांना चांगली परिचित आहे. नर सात-आठ सेंटिमीटर, मादी जेमतेम पाच. नारळाची करवंटी पालथी घातली किंवा मातीची लहान कुंडी आडवी ठेवली तर मादी तिच्या छताला अंडी चिकटवते आणि त्यानंतर तिचे रूपच पालटते. फिकट अंग गडद पिवळे होते, त्यावर काळ्या खुणा उठतात. पोट वर करून ती छताखाली उलटी तरंगते, छातीचे पर हलवून अंड्यांवरून पाणी खेळते ठेवते, एकेक अंडे तोंडाने साफ करते, बुरशी धरलेले काढून टाकते. सव्वीस-सत्तावीस अंश तापमानाला साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात. मग अजून पोहता न येणारी पिल्ले ती तोंडात धरून एका खळग्यातून दुसऱ्या खळग्यात हलवते. आणखी चार-पाच दिवसांनी थवा पोहू लागतो. धोका दिसला की मादी अंगाला एक झटका देते आणि सगळी पिल्ले तळाशी बसून निश्चल होतात. धोका सरला की थवा पुन्हा तिच्यामागे. अंधार पडायच्या आत ती सगळ्यांना गोळा करून गुहेत नेते. मासोळी नुसत्या दर्शनाने पिल्ले वाढवते अशी उपमा चाणक्यनीतीत आहे, आणि कुलार्णव तंत्रात गुरूने दृष्टीने द्यायच्या दीक्षेसाठी तीच वापरली आहे. आपल्या नर्मदेतला महसीर, जो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, या उपमेला उतरत नाही. तो वाहत्या पाण्यात गोट्यांमध्ये अंडी टाकतो आणि निघून जातो, पिल्लांशी त्याचा पुढे काही संबंध राहत नाही. पण अपिस्टोग्रामाची मादी पाहिली की ती उपमा खरी वाटू लागते.

आता परंपरा काय म्हणते ते पाहू, आणि तिच्यातही जी जागा थेट या प्रश्नावर येते ती. दुर्गासप्तशतीच्या पहिल्याच अध्यायात राज्य गमावलेला सुरथ राजा आणि बायकामुलांनी पैशासाठी घराबाहेर काढलेला समाधी नावाचा वैश्य मेधा ऋषींच्या आश्रमात भेटतात. ज्यांनी हाकलले त्यांच्याच काळजीने वैश्याचा जीव कासावीस होतो, आणि असे का होते हे दोघे ऋषींना विचारतात. ऋषी त्यांना पाखरे दाखवतात. स्वतः भुकेने व्याकूळ असताना ही पाखरे मोहापोटी पिल्लांच्या चोचीत दाणे घालतात. माणसे तर मुलांकडून परतफेडीची आशाही धरतात. नवरात्रात इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत हा अध्याय वाचला जातो, पण त्यातल्या या विधानाचा धारदारपणा क्वचितच लक्षात येतो. ऋषी पाखराला माणसाच्या पंक्तीला बसवत नाहीत, माणसाला पाखराच्या पंक्तीला बसवतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत हाच मुद्दा अधिक कोरडेपणाने मांडला. काठी उगारलेला माणूस दिसला की जनावर पळते, हातात हिरवा चारा दिसला की जवळ येते. विद्वान माणसाचा व्यवहारही मुळात असाच चालतो, त्या बाबतीत पशूंपासून त्याचा वेगळेपणा नाही. अध्यासाचा, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचे रूप लादले जाण्याचा, सिद्धांत मांडताना आचार्यांना हे उदाहरण लागले, यावरून त्यांची नजर किती निर्भीड होती ते कळते.

विज्ञानाने गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे जमवले ते मेधा ऋषींच्या बाजूला जाते. आईच्या अंगावर दूध आणणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक माशांतही असते, आणि सिक्लिडांमध्ये अंड्यांवर पंख हलवत राहण्याशी त्याचा संबंध प्रयोगांत दिसला आहे. म्हणजे माया ज्या द्रव्यावर चालते त्यातला काही भाग तरी मासोळीचा आणि बाळंतिणीचा समान आहे. त्याहून बोलकी एक गोष्ट अपिस्टोग्रामा पाळणाऱ्यांनी वारंवार नोंदवली आहे. पिल्ले नसलेली पण मनाने आई झालेली मादी कधीकधी टाकीत खाण्यासाठी सोडलेल्या डॅफ्नियाच्या, म्हणजे पाणपिसवांच्या, थव्याचीच राखण करू लागते. एरवी ज्यांना ती मटकावते त्यांच्याभोवती ती पिवळी होऊन फिरते आणि दुसऱ्यांना जवळ येऊ देत नाही. इतकी आंधळी माया पाहिल्यावर तिला सद्गुण म्हणायला जीभ अडखळते. तिच्यासमोर काहीतरी लहान, हलणारे, थव्याने राहणारे होते आणि तिच्या अंगातली माया त्यावर जाऊन बसली. दोरीवर साप दिसावा तसे पिसवांवर पिल्लूपण दिसले. शंकराचार्यांना यापेक्षा नेमका दाखला मिळाला नसता.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ऑस्ट्रियन निसर्गशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झने 1949 च्या आपल्या पुस्तकात ज्युएल फिश या सिक्लिडाच्या नराची हकीकत सांगितली आहे. संध्याकाळी भरकटलेली पिल्ले तोंडात घालून घरी आणणे हे त्या जातीत बापाचेही काम. हा नर नेमका तेव्हा गांडुळाचा तुकडा चघळत होता आणि समोर एक चुकलेले पिल्लू आले. त्याने तेही तोंडात घेतले. आता एक वस्तू पोटात जायची होती आणि दुसरी खळग्यात. मासा काही क्षण थिजून उभा राहिला, मग त्याने दोन्ही बाहेर टाकली, पिल्लावर नजर ठेवून आधी गांडूळ खाल्ले आणि नंतर पिल्लू उचलून घरी पोचवले. पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मासा हे निव्वळ यंत्र आहे ही समजूत या एका प्रसंगापुढे टिकत नाही. पण त्यातून सिद्ध काय होते? दोन ओढी एकाच वेळी लागल्या असता माशाला त्या वेगळ्या करता येतात, म्हणजे त्याच्याकडे एक प्रकारची समज आहे. समज आणि धर्म यांत मात्र अंतर आहे. पिल्लू घरी न्यावे की नेऊ नये असा प्रश्न त्या नराला पडला नव्हता. कसे न्यावे एवढाच पेच होता आणि तो त्याने सुंदर सोडवला. धर्म सुरू होतो तो ‘न्यावे की नाही’ या प्रश्नापाशी. ओढ नसताना कर्तव्य करणे किंवा ओढ असताना ते टाळणे या दोन्ही वाटा ज्याच्यासमोर उघड्या आहेत, त्याच्याच वागण्याला पुण्य किंवा पाप ही नावे लागू होतात.

दुसरा आक्षेप इंदूरमध्ये फार सहज सुचेल, कारण या शहरात जैन समाज मोठा आहे आणि जीवदयेची चर्चा इथे पुस्तकातच राहत नाही. जैन दर्शन पशूला नैतिक जगाबाहेर ठेवत नाही. मन असलेले पंचेंद्रिय तिर्यंच, म्हणजे पशू, पक्षी, मासे, हेही अंशतः व्रत घेऊ शकतात आणि पाचव्या गुणस्थानापर्यंत, म्हणजे आत्मिक उन्नतीच्या पाचव्या पायरीपर्यंत, चढू शकतात असे ते मानते. उलट बाजूला तंदुल मत्स्याची कथा आहे. महाकाय माशाच्या भुवईपाशी राहणारा तांदळाएवढा मासा, मी याच्या जागी असतो तर तोंडात आलेला एकही मासा सुटू दिला नसता, असा नुसता विचार करून सातव्या नरकात जातो. तेव्हा मासोळीला पापपुण्य नाही हे विधान या परंपरेला मान्य होणारे नाही, आणि मला ही परंपरा बाजूला सारायची नाही. पण तिच्या कथांत पशूची थोरवी कशात दाखवली आहे ते पाहावे. ती पिल्ले वाढवण्यात कुठेच दाखवलेली नाही. नंद मणिकार स्वतः बांधलेल्या पुष्करिणीच्या आसक्तीमुळे त्याच पाण्यात बेडूक होऊन जन्मतो. पूर्वजन्म आठवल्यावर तो महावीरांच्या दर्शनाला निघतो आणि वाटेत घोड्याच्या टापेखाली येऊन शांत चित्ताने मरतो. त्याची चढण सुरू होते ती स्वभावाला आवर घातल्यापासून. म्हणजे जिथे पशूला पुण्य दिले आहे तिथेही ते स्वभावाच्या पलीकडे गेल्याबद्दल दिले आहे, स्वभाव पाळल्याबद्दल नाही. अंडी राखणारी मादी स्वभाव पाळत असते. या मुद्द्यावर जैन दर्शन आणि मी वाटतो तितके दूर नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा. मासोळीच्या मायेला सद्गुण म्हणायचे नाही, कारण ती संप्रेरकाने चालते, तर मग माणसाच्या आईचे काय? तिचेही संप्रेरकच. मी हा निष्कर्ष टाळत नाही. पोटच्या लेकराला पाहून उमाळा येणे हे माणसाच्या आईचेही पुण्य नव्हे, ती तिला मिळालेली देणगी आहे. देणगीला कमी लेखायचे कारण नाही. डोळे आहेत म्हणून कोणाला पुण्यवान म्हणत नाहीत, पण डोळ्यांचे मोल त्यामुळे घटत नाही. आईचे श्रेय सुरू होते ते उमाळा आटल्यावर. तिसऱ्या रात्रीच्या जागरणात, वैतागलेल्या क्षणी हात आवरण्यात, सवतीच्या किंवा शेजारणीच्या लेकराला त्याच ताटात वाढण्यात. तिथे संप्रेरक फारसे मदतीला येत नाही. एखादी गोष्ट कशातून उगवली यावरून तिचे मोल ठरत नाही, हेही याच्याच जोडीला सांगायला हवे. सिक्लिड दुसऱ्यांची पिल्ले आपल्या थव्यात सामावून घेतात हे निकाराग्वाच्या सरोवरांतल्या निरीक्षणांतून नोंदलेले आहे. त्याचे एक स्पष्टीकरण असे की थवा मोठा झाला की शिकाऱ्याच्या तोंडी स्वतःची पिल्ले जाण्याची शक्यता कमी होते. स्पष्टीकरण खरे असेलही. परक्या पिल्लाचा जीव त्यामुळे वाचतो हेही तितकेच खरे आहे.

आता ‘वाईट आई’कडे वळू, कारण अन्याय तिच्यावर जास्त होतो. अंडी खाल्ली जातात त्यामागे कारणे असतात आणि ती बहुतेक वेळा टाकीच्या बाहेर सापडतात. नव्या जोडीची पहिली खेप बऱ्याचदा फसते. अंडी फळली नाहीत तर मादी ती ठेवत नाही, आणि तिने ठेवूही नयेत, कारण कुजणारे अंडे शेजारच्या अंड्यांनाही बुरशी लावते. सतत हालचाल, एकदम मालवलेला दिवा, त्याच टाकीतले दुसरे मासे, यांपैकी काहीही पुरते. आणि पाणी हे तर मुख्य कारण. इंदूरच्या नळाला 1978 पासून नर्मदेचे पाणी येते, जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढवून आणलेले. माळव्याचे पठार बसाल्टचे, त्यामुळे बोअरचे पाणी त्याहून जड. अपिस्टोग्रामाच्या कितीतरी जाती आणि व्हेनेझुएला-कोलंबियातला रॅम हे मऊ, किंचित आम्ल पाण्यातले मासे. जड पाण्यात त्यांची अंडी नीट फळत नाहीत, पांढरी पडतात, बुरशी धरते, आणि मादी ती खाते. पाळणाऱ्याला दिसते ती शेवटची पायरी. बादलीतल्या पाण्यापासून सुरू झालेली साखळी त्याला दिसत नाही आणि दोष मासोळीच्या मातृत्वाला लागतो. ज्यांनी आरओचे पाणी मिसळले, वाळलेली बदामाची पाने टाकून पाणी आम्ल केले, त्यांच्याकडे तीच मादी चांगली आई होते. अशा गुणाला गुण कसे म्हणावे, जो बादलीसोबत बदलतो?

नराची कथा याहून वाईट. अपिस्टोग्रामाची मादी अंड्यांवर असताना नराला गुहेजवळ फिरकू देत नाही. ओढ्यात याने काही बिघडत नाही, तो दूर जाऊन आपल्या मोठ्या हद्दीवर पहारा देतो, त्याच हद्दीत दुसऱ्या माद्यांच्या गुहा असतात. दोन फुटांच्या टाकीत दूर जायला जागा नसते. पाच सेंटिमीटरची मादी त्याच्यावर तुटून पडते, त्याचे पर फाटतात, तो हीटरच्या मागे किंवा वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पातळीला चिकटून राहतो, आणि कधी सकाळी मेलेला सापडतो. मग मादीला नवऱ्याला मारणारी म्हणतात. तिने हाकलले, हे तिच्या स्वभावात होते. पळायची वाट बंद होती, हे काचेचे काम होते आणि काच माणसाने लावली होती. जर्मन संशोधक रोमर आणि बायझेनहेर्त्स यांनी 1996 मध्ये अपिस्टोग्रामाच्या तीसहून अधिक जातींवर दाखवून दिले की अंडी-पिल्लांच्या काळातले तापमान वाढले की नर जास्त निपजतात. म्हणजे पिल्लू नर व्हावे की मादी, यावरही थर्मोस्टॅटच्या आकड्याचा परिणाम होतो. ज्या बंदिस्त जगात इतके काही पाळणाऱ्याच्या हातात आहे, तिथे जबाबदारीचा शोध घेताना बोट माशाकडे दाखवणे हा निव्वळ अन्याय आहे. बंद टाकीत माशाचे वागणे वाचताना आपण पुष्कळदा आपलेच हस्ताक्षर वाचत असतो आणि ते त्याचे शील समजतो.

वात्सल्य स्वतःहून मंगलच असते, हा समजही सिक्लिडांच्या कुळाकडे पाहिल्यावर टिकत नाही. आपल्या देशातला छोटा सिक्लिड म्हणजे ऑरेंज क्रोमाइड, दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्यांतला. त्याचे आईबाप पिल्लांना अक्षरशः अंगावर पोसतात, पिल्ले त्यांच्या त्वचेवरचा चिकट स्राव खातात. आणि हाच मासा आपल्या मोठ्या भाऊबंदाची, गोव्यात कलुंदर म्हणतात त्या माशाची, अंडी-पिल्ले चोरून खातो. दुसरे उदाहरण मोझांबिक तिलापियाचे. 1952 मध्ये तो भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात जपते, तोवर जवळजवळ उपाशी राहते. यापेक्षा मोठा मातृत्याग माशांत शोधून सापडणार नाही. आणि ज्या गुणांच्या जोरावर हा मासा आपल्या तळ्या-धरणांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर उठला, त्यांत हे जपणे मोठे आहे. महसीरकडे हे मातृत्व नाही. म्हणून महसीर वाईट आणि तिलापिया चांगला, असे कोण म्हणेल? आपल्या पिल्लांवरची माया ही इतरांच्या पिल्लांच्या दृष्टीने कशीही असू शकते. माणसांच्या घराण्यांनाही हे लागू आहे, आणि धृतराष्ट्राची गोष्ट माहीत असलेल्यांना ते वेगळे सांगायला नको.

माशाकडे पाहताना माणूस स्वतःलाच पाहतो, याची एक जुनी कथा इंदूरपासून फार दूर नाही. ओंकारेश्वरच्या बेटाला मांधाता म्हणतात, आणि त्या मांधाता राजाची गाठ विष्णुपुराणात सौभरी ऋषींशी पडते. सौभरी बारा वर्षे पाण्यात तप करत होते. त्या पाण्यात संमद नावाचा प्रचंड मासा होता. त्याची मुले, नातवंडे त्याच्या पाठीवर, शेपटीजवळ, दोन्ही बाजूंना रात्रंदिवस खेळत. ते पाहून ऋषींना वाटले, केवढा धन्य हा! आपणही असेच लेकरांत रमावे. ते पाण्याबाहेर आले, मांधात्याकडे कन्या मागितली, पन्नासही राजकन्यांनी त्यांनाच वरले, दीडशे मुलगे झाले. आणि मग मुले कधी चालतील, कधी मोठी होतील, नातवंडे कधी दिसतील, या न संपणाऱ्या इच्छेने ते भानावर आले. या कथेकडे सहसा संगाच्या धोक्याची कथा म्हणून पाहतात. मला तिच्यात निरीक्षणाची चूक दिसते. संमद सुखी होता हे ऋषींना कसे कळले? पाण्यात पोहणारा थवा दिसला, एवढेच खरे. धन्यता ही ऋषींची स्वतःची, दबलेली इच्छा होती आणि ती माशाच्या पाठीवर बसून त्यांच्याकडे आली. चांगली आई, वाईट आई म्हणणारा पाळणारा सौभरींचाच वारस आहे.

याच्या उलट एक नजर आपल्याच भूमीत होऊन गेली. सर जॉन माल्कमने 1823 मध्ये छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात अहिल्याबाईंच्या दानधर्माचे वर्णन करताना नोंदवले आहे की त्यांच्या करुणेत जनावरे, पाखरे आणि नदीतले मासेही वाटेकरी होते. माशांसाठी अन्नाचा भाग राखलेला असे, उन्हाळ्यात नांगराच्या बैलांना पाणी पाजायला माणसे नेमलेली असत, आणि पाखरांना दाणे टिपता यावेत म्हणून उभी शेते विकत घेतलेली असत. या नोंदीत मला महत्त्वाचे वाटते ते हे की माशाने हा वाटा मिळवण्यासाठी काहीच सिद्ध केलेले नव्हते. महेश्वरच्या घाटाखालचा मासा पिल्ले राखणारा आहे की टाकून जाणारा, हे तिथे कोणी विचारले नाही. ज्या बाईने मुलगा गमावला, मुलीला सती जाताना पाहिले, तिला वात्सल्याचे मोल कोणी शिकवायला नको होते. तरी तिची करुणा वात्सल्याच्या गुणपत्रिकेवर अवलंबून नव्हती. मासा चांगला आहे म्हणून त्याला खाऊ घालायचे नाही, त्याला भूक आहे म्हणून घालायचे. इतक्या साध्या पायावर उभी राहिलेली दया मला सौभरींच्या कौतुकापेक्षा अधिक सुरक्षित वाटते, कारण ती माशाकडून आपल्या मनासारखे वागण्याची अट घालत नाही.

पण दयेलाही विचार लागतो, आणि त्याचा दाखला पुन्हा सौभरींपाशीच आहे. भागवताच्या दशम स्कंधात सांगितले आहे की गरुडाने यमुनेच्या डोहातला माशांचा प्रमुख खाल्ला, बाकीचे मासे दीनवाणे झाले, आणि त्यांची कीव येऊन सौभरींनी गरुडाला शाप दिला की तो पुन्हा या डोहात आला तर मरेल. हेतू निर्मळ होता. परिणाम असा झाला की गरुड येऊ शकत नाही हे कळल्यावर कालिया नाग नेमका त्या डोहात राहायला आला आणि त्याच्या विषाने पाणी जीव घेणारे झाले. ज्या माशांसाठी शाप दिला त्यांचेच घर नासले. पाळणाऱ्यासमोर हा प्रसंग दर दोन महिन्यांनी येतो. जोडी लागते, पन्नास-साठ पिल्ले वाढतात, टाकी पुरत नाही, आणि मारवत नाही म्हणून कोणीतरी ती तळ्यात सोडून येते. इंदूरचा सिरपूर तलाव आणि यशवंत सागर ही दोन्ही पाणथळे 2022 मध्ये रामसर यादीत आली. माळव्याच्या हिवाळ्यातल्या गार पाण्यात ॲमेझॉनचे पिल्लू बहुधा मरते, म्हणजे दया केलीच नाही. जे चिवट असते ते जगते, पसरते, आणि तिलापियाने केले तेच करते. दोन्हीकडून हिशेब चुकतो.

तेव्हा माशांना निवाडे देणे थांबवावे आणि स्वतःला द्यावेत. ड्वार्फ सिक्लिडची जोडी आणायची तर आधी टाकीला लांबी द्या, मादीला गुहा आणि नराला लपायला झाडोरा, दगड, करवंट्यांचे आडोसे द्या, आणि मादी अंड्यांवर बसल्यावर तो त्रासात दिसला तर त्याला वेगळे काढा. पाणी त्यांच्या मानाचे करता येत नसेल तर त्या जाती आणू नका. क्रिबसारखे, जड पाणी त्यामानाने सोसणारे मासे मिळतात. जितक्या पिल्लांना घर शोधता येईल तितकीच वाढवा. नर-मादी वेगवेगळ्या टाक्यांत ठेवणे अवघड नाही. जास्तीची पिल्ले दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानाला द्या. सिरपूरमध्ये, यशवंत सागरात किंवा नर्मदेत ती सोडू नका.